घारपुऱ्यांची सहा फुटी पेटी

“पण माई, चार, पाच की सहा?”

हौसामाईंनी सुपातून मान वर केली नाही. तुरीच्या डाळीतला खडा उचलला आणि अंगणात भिरकावला.

“माई, मी विचारलं...”

“ऐकलं.”

“मग?”

“बारा दिस झालं, तेच ऐकतीय.”

घारपुरे वही उघडून तसेच उभे. शर्टाच्या खिशात टेप, कानावर पेन्सिल. चिंचवडच्या कारखान्यात तीस वर्षं खरेदी खात्यात काढलेली. त्या तीस वर्षांत आपण एकही चुकीचा नट कारखान्यात येऊ दिला नाही, हे त्यांनी मठात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. नंतरही सांगितलं होतं. बरेचदा.

बायको गेल्यावर घराला कुलूप घालून ते माईंना गुरू मानून या टेकडीवर आले. आता आठ महिने होत आले होते.

घोणसवाडीच्या टेकडीवरचा हा मठ म्हणजे तीन खोल्या, एक समाधी, एक कडुनिंब. खालून वर यायला सव्वा मैलाचा मुरमाड रस्ता. मागच्या पावसानं त्याची पार चाळण केली होती. मधोमध चाकोऱ्या, त्यांत गुडघ्याएवढे खड्डे.

कुणा भक्तानं आपल्या द्राक्षबागेतला जुना छोटा ट्रॅक्टर मठाला देऊन टाकला. घारपुरे आठवड्यात तो चालवायला शिकले. आता त्याच्या मागं जोडायला पेटी हवी होती. पेटी म्हणजे बॉक्स ब्लेड. मागून आणि दोन्ही बाजूंनी बंद, खाली पोलादी धार, पुढं जमीन उकरायला दाते. उंचवट्यावरची माती तिच्यात भरते आणि खड्डा आला की तिथं सांडते. रस्ता सारखा होतो.

काम एवढंच. तालुक्याला जायचं, वेल्डिंगच्या दुकानातून पेटी आणायची.

पहिल्याच दिवशी घारपुऱ्यांनी विचारलं होतं, किती रुंदीची आणू? माई म्हणाल्या होत्या, “चाकाएवढी.”

घारपुऱ्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मुद्दा क्रमांक एक. त्यानंतर मुद्दा क्रमांक एकेचाळीसपर्यंत मजल गेली. ट्रॅक्टरची ताकद, पेटीचं वजन, मुरमाचा प्रकार, पोलादाची जाडी, दात्यांची संख्या, पाच गावच्या पाच ट्रॅक्टरवाल्यांची पाच मतं.

“हे बघा,” ते आता सांगत होते, “रस्ता बारा फुटी. सहा फुटी पेटी घेतली तर एक फेरी जाताना, एक येताना. काम खलास. पण धायगुड्यांचा मुलगा म्हणतो पाच. दुकानदार म्हणतो, चार फुटी जास्त खपते. आता या तिघांत...”

“घारपुरे.”

“हं?”

“उद्या मंगळवार.”

घारपुऱ्यांनी वही मिटली. जाता जाता मात्र दारातून वळलेच.

“पाच असती तर...”

माईंनी सूप खाली ठेवलं आणि डोळे मिटले. लोकांना वाटायचं, माई ध्यानात गेल्या. माई दहापर्यंत आकडे मोजत होत्या.

*

मंगळवार आणि शुक्रवार हे म्हाळूबाबांचे दिवस.

म्हाळूबाबा माईंचे गुरुबंधू. मठात ज्यांची समाधी होती त्या थोरल्या महाराजांपाशी दोघं एकाच वर्षी आलेले. बाबांनी आता चौऱ्याऐंशी ओलांडली होती. मूत्रपिंडं थकली होती, म्हणून आठवड्यातून दोनदा तालुक्याच्या दवाखान्यात डायलिसिस. त्यात दोन वर्षांपूर्वी खुबा मोडलेला. सांधला, पण नीट नाही.

भाड्याच्या जीपमध्ये माई त्यांना मांडीवर घेतल्यासारख्या धरून बसायच्या. पहिलं वळण. दुसरं वळण. तिसऱ्या वळणावरच्या खड्ड्यात जीप आदळली, की बाबांच्या तोंडून एक बारीक आवाज निघायचा. मांजराच्या पिल्लासारखा. तेवढाच. पुन्हा तोंड मिटलेलं.

ते ओरडले असते तर माईंना बरं वाटलं असतं.

त्या मंगळवारी परत येताना तो आवाज दोनदा निघाला. जीप मठापाशी थांबली. बाबांना खाटेवर ठेवलं. माई पांघरूण घालायला वाकल्या, तेव्हा बाबांनी त्यांचं मनगट धरलं.

“हौसा, आता पुरे.”

“काय पुरे?”

“हे जाणं-येणं. रगात धुवून आणायचं अन् हाडं कुटून घ्यायची... पुरे.”

“येडं का काय? न्हाई गेलं तर काय हुईल, ठावं हाय न्हवं?”

“हाय की.”

“डोली करते. गावातली चार पोरं बोलावते, खांद्यावर न्हेतील.”

बाबा हसले. दात नव्हतेच.

“अजून जित्ता हाय. चौघांच्या खांद्यावर आत्ताच कशाला?”

माई बाहेर आल्या. घारपुरे कडुनिंबाखाली बसून वहीत रेघा मारत होते.

“उठा.”

“माई, मी आता शेवटची तुलना...”

“उद्या सकाळी जायाचं. पेटी आनायची. वही हितंच ठिवायची.”

“पण कितीची?”

माईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की घारपुरे उठून उभेच राहिले.

*

बुधवारी संध्याकाळी ते आले. टेंपोत पेटी.

सहा फुटी.

लालभडक रंग, अंगठ्याएवढी जाड पाती, पाच दाते. उतरवायला सहा माणसं लागली. घारपुरे लग्नातल्या वरबापासारखे तिच्याभोवती फिरत होते.

“दुकानातली सगळ्यात भक्कम,” ते म्हणाले. “म्हटलं, घ्यायची तर मोठीच घ्यावी. लहान घेऊन पस्तावण्यापेक्षा मोठी घेऊन...”

“घेऊन काय?”

“...घेऊन निश्चिंत व्हावं.”

माईंनी पेटी पाहिली. ट्रॅक्टर पाहिला. पेटी ट्रॅक्टरपेक्षा थोराड दिसत होती. बुटक्या नवऱ्याशेजारी उंच नवरी उभी करावी तशी.

माईंना रस्ता कळत होता. बहात्तरच्या दुष्काळात, चौदा वर्षांच्या असताना, त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. कुठं ढाळ द्यायचा, पाणी कुठं वळवायचं, मुरूम कधी दाबायचा, हे त्यांच्या हातापायांत होतं. हा वरचा रस्ता त्यांनीच बायकांना हाताशी धरून काढलेला. कडेची दगडी गटार त्यांनी स्वतः रचलेली, एकेक दगड.

त्यांनी दहापर्यंत मोजलं. मग वीसपर्यंत.

गुरुवारी सकाळी घारपुऱ्यांनी ट्रॅक्टरला पेटी जोडली आणि पहिल्या उतारावर खाली टाकली.

दाते मुरमात घुसले. ट्रॅक्टर चार पावलं चालला. पेटी भरली. आणि ट्रॅक्टर जागीच उभा राहिला. मागची चाकं गरागरा फिरायला लागली, धुरळा उडाला, रस्त्यात दोन नवे खड्डे पडले.

घारपुऱ्यांनी पेटी उचलली. पुढची चाकं जमीन सोडून वीतभर वर आली. त्यांनी घाबरून पेटी सोडली. धडाम.

“थोडी सवय व्हायला हवी!” ते ओरडले.

मग त्यांनी पेटी अर्धवट वर धरून चालवायला सुरुवात केली. आता ट्रॅक्टर चालत होता, पण पेटी जमिनीला नुसती खाजवत होती. दुसऱ्या वळणावर तिचं बाहेर आलेलं टोक गटारीत गेलं. खडखड खडखड आवाज झाला. माईंचे दगड एका ओळीत उपटले गेले. पंधरा-वीस तरी.

ट्रॅक्टर बंद पडला.

घारपुरे खाली उतरले. घाम पुसला. सगळीकडं नीट पाहिलं. विचार केला. आणि माईंकडं वळून म्हणाले,

“माई, ट्रॅक्टरच लहान पडतोय.”

माईंनी मोजायला सुरुवात केली. एक... दोन...

“याच्या दुप्पट ताकदीचा मिळाला, तर ही पेटी अगदी...”

तीन राहिलं बाजूला.

“तुमच्या बायकूनं तीस वर्सं कशी काढली वो तुमच्यासंगं?” माई कडाडल्या. “मरून सुटली बिचारी!”

...

वाऱ्यानं धुरळा रस्त्याच्या कडेला नेला. बंद ट्रॅक्टरच्या इंजिनातून टिक टिक आवाज येत राहिला.

घारपुऱ्यांनी कानावरची पेन्सिल काढली. खिशात ठेवली. खिशातून पुन्हा काढली.

“कुमुदला ताप होता,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, उतरलेलाही नव्हता. खरेदीचा अहवाल वाचावा तसा होता. “शेजारचे म्हणाले, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे न्या, हाताला गुण आहे. मी नेलं. दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. त्यांनी गोळ्या दिल्या. तीन दिवस दिल्या. चौथ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा... ते म्हणाले, तीन दिवस आधी आणायचं होतं.”

माईंनी मडगार्डला हात टेकवला.

“एका माणसाच्या एका शब्दावर गेलो होतो, माई.”

एवढं बोलून ते गटारीपाशी गेले, खाली बसले, आणि उपटलेले दगड एकेक करून परत लावू लागले. उलटे लागत होते. माईंनी ते पाहिलं. सांगितलं नाही.

*

घारपुऱ्यांनी ट्रॅक्टर वर आणून लावला आणि ते खोलीत गेले.

माई चुलीपाशी बसल्या आणि उठल्या. बाबांना पाणी दिलं. समाधीपाशी गेल्या, तिथंही बसवेना. माफी मागायची कशी असते, हे कुणी शिकवलंच नव्हतं. लोक त्यांची मागायचे.

आणि रागही पुरता गेला नव्हता, हे त्यांचं त्यांनाच कळत होतं. एकीकडं ते उलटे लागलेले दगड डोळ्यांपुढून हलेनात, दुसरीकडं, तरी पण चाकाएवढी म्हटलं होतं की मी, चाकाएवढी! कुणालाही कळेल एवढं साधं!

...कुणालाही.

एकाच्या शब्दावर जाऊन पोळलेला माणूस सोडून.

मग त्यांनी कमरेला पदर खोचला. शेण आणलं, माती कालवली, आणि भर दुपारी अंगण सारवायला घेतलं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. हाताची बोटं एकसारखी फिरत होती. आरशासारखं अंगण. तासाभरानं कंबर धरून उभ्या राहिल्या.

“घारपुरे!”

घारपुरे खोलीच्या दारात आले. डोळे लाल होते.

“ट्रॅक्टर आना.”

“कुठं?”

“हितं. अंगनात. पेटी काढून ठिवा. नुसता ट्रॅक्टर.”

“माई, ओलं आहे. आत्ताच सारवलंय तुम्ही.”

“डोळं हायेत मला.”

“सगळं खराब होईल...”

“आना म्हटलं न्हवं!”

घारपुऱ्यांनी ट्रॅक्टर आणला. अंगणाच्या कडेला एकदा थांबले, माईंकडं पाहिलं. माई कडुनिंबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली.

ट्रॅक्टर ओल्या अंगणातून सरळ आरपार गेला.

घारपुरे उतरले, मागं आले. अंगणात दोन पट्टे उमटले होते, नक्षीदार, खोल. ते पाहत उभे राहिले. त्यांना वाटलं, आता माई काहीतरी सांगतील. माई काही सांगेनात. त्या झाडाच्या सालीवरचा मुंगळा बघत होत्या.



घारपुरे उकिडवे बसले. एका पट्ट्यात तळहात ठेवला. मग खिशातली टेप निघाली. एका पट्ट्याच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत त्यांनी ती ताणली.

“एकोणपन्नास इंच,” ते स्वतःशीच पुटपुटले.

टेप आणखी ओढली. सहा फूट. दोन्ही बाजूंना टेपची टोकं ठशांच्या कुठल्याकुठं बाहेर गेली. त्या जागेवरून चाकं कधी जाणारच नव्हती आणि तिथली माती ओढायची ताकदही या चाकांत नव्हती.

मग त्यांनी टेप मागं घेतली. चार फूट. एका बाजूला ठशाची इंचभर कड उघडी राहिली.

टेप हळूच पुढं सरकली. साडेचार. दोन्ही ठसे झाकले. दोन्हीकडं दोन-दोन बोटं वर.

घारपुरे तसेच ओणवे राहिले. टेपचं टोक बोटाखाली दाबलेलं.

“साडेचार,” ते म्हणाले. मग, “आपल्या चाकांचे ठसे पुसले जातील एवढीच... म्हणजे तुम्ही पहिल्या दिवशी जे...”

“मी काय म्हटलं ते ऱ्हाऊ द्या,” माई खेकसल्या. “तुमी काय बगितलं?”

“हेच. साडेचार.”

“मग झालं तर.”

माई उठल्या आणि बादलीकडं गेल्या. पण घारपुऱ्यांनी बादली आधीच उचलली होती. आयुष्यात कधी शेणात हात न घातलेला माणूस गुडघ्यांवर बसून अंगण सारवू लागला. बोटांचे फराटे वेडेवाकडे उमटत होते. माईंनी पाहिलं. आणि आत निघून गेल्या.

*

शुक्रवारी म्हाळूबाबा दवाखान्यात गेले नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

घारपुरे पहाटेच पेटी घेऊन तालुक्याला गेले. वेल्डिंगवाल्यानं कुरकुर केली, लाल रंगाला पडलेले ओरखडे दाखवले, पण बदलून दिली. उन्हं डोक्यावर यायच्या आत ते परतले. साडेचार फुटी पेटी उतरवायला तिघंच पुरले.

पहिल्या उतारावर त्यांनी पेटी खाली टाकली. दाते रुतले. ट्रॅक्टर कण्हला, पण थांबला नाही. पेटी भरली, खड्ड्यापाशी आली, रिकामी झाली, पुन्हा भरली. मागं वळून पाहिलं तर चाकांच्या खुणा नव्हत्या. सारखा मुरूम पसरलेला.

बारा फुटी रस्त्याला तीन फेऱ्या लागल्या. खालच्या उतारावर तर सहा. घारपुऱ्यांनी मोजल्या नाहीत.

शनिवारी बाबांच्या पायांवर सूज चढली. दुपारी चेहऱ्यावर आली. माई पाय चेपायला बसल्या, तर बोट दाबलं तिथं खळगा पडून राहायचा. त्या बाहेर येऊन खाली रस्त्याकडं पाहायच्या. ट्रॅक्टरचा आवाज कधी लांबून यायचा, कधी जवळून. दुसरं वळण. मग तिसरं.

“हळू चालवतोय मेला,” त्या पुटपुटायच्या. आणि तो थांबला की जीव टांगणीला लागायचा. का थांबला?

एकदा न राहवून त्या पाण्याची कळशी घेऊन खाली गेल्या. दुसऱ्या वळणावर घारपुरे उतरून गटारीचे दगड लावत होते. या वेळी सरळ. उपटलेला कोपरा त्यांनी पुन्हा मोकळा करून पहिल्यापासून रचला होता.

माईंनी कळशी ठेवली. “पानी टाका त्या मुरमावर. नुसता पसरून भागत न्हाई, बसाया पायजे.”

“किती टाकू?”

माईंनी श्वास आत घेतला. मग खाली बसल्या, मूठभर मुरूम उचलला, ओंजळीनं पाणी घातलं, वळला आणि त्यांच्या हातात दिला. घारपुऱ्यांनी दाबून पाहिला. फुटला नाही, चिकटलाही नाही.

“एवढं,” ते म्हणाले.

रविवारी दिवस मावळताना आवाज बंद झाला.

बाबांना धाप लागत होती. माई त्यांच्या उशाशी बसल्या.

“रस्ता झाला.”

बाबांनी डोळे उघडले.

“उद्या सोमवारी बोलावलंय दवाखान्यात. जीप सांगितलीया.”

“हौसा...”

“एकदा या. फकस्त एकदा. दुखलं तर पुन्यांदा न्हाई म्हननार.”

बाबांनी दाराकडं मान वळवली. “घारपुरे कुटं हाय?”

घारपुरे दारातच होते. कपडे, केस, भुवया, सगळं मुरमाच्या रंगाचं.

“किती खड्डं ऱ्हायलं?” बाबांनी विचारलं.

“एक राहिलाय, बाबा. दुसऱ्या वळणावर खाली पाषाण आहे. दाते लागत नाहीत. तिथं हिसका बसेल. मी आधी सांगेन.”

बाबांनी मान डोलावली.

सोमवारी सकाळी जीप निघाली. घारपुरे पुढं बसले. माई मागं, बाबांना धरून. पहिलं वळण गेलं. दुसऱ्यापाशी घारपुरे मागं वळून म्हणाले, “आता, बाबा.” हिसका बसला. बाबांनी दात नसलेले जबडे आवळले.

तिसरं वळण आलं. माईंनी बाबांना घट्ट धरलं.

जीप सरकत गेली.

काहीच आवाज आला नाही. माईंनी घाबरून खाली पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेले होते. छाती वरखाली होत होती. माईंच्या मांडीवर डोकं ठेवून बाबा झोपले होते.

*

संध्याकाळी बाबा खाटेवर बसून भाकरीचा काला मागत होते. सूज उतरली होती. “शुक्रवारी जरा येळंवर सांगा जीप,” ते म्हणाले, “आज घाई झाली.”

घारपुरे अंगणात ट्रॅक्टर पुसत होते. माई त्यांच्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. 

“घारपुरे.”

“हं, माई?”

“गुरुवारी मी जे बोलले... तुमच्या मंडळींबद्दल...”

“जाऊ द्या, माई.”

“जाऊ कसं द्या? बोलले ते बोलले.”

घारपुऱ्यांनी फडकं पिळलं. पुन्हा झटकलं.

“तुम्ही गुरू आहात,” ते म्हणाले. “तुम्ही माझी माफी मागायची नसते.”

“कुनी सांगितलं?”

घारपुरे पुन्हा बॉनेट पुसू लागले.

माईंनी कमरेला पदर खोचला. चाकावर पाय ठेवला, दोन्ही हातांनी मडगार्ड धरलं आणि धापा टाकत ट्रॅक्टरच्या सीटवर चढून बसल्या.

“माई! काय करताय?”

“शिकवा मला.”

“आत्ता? या वयात?”

“शिकवा म्हटलं न्हवं!”

घारपुरे गडबडले. मग त्यांच्यातला खरेदी अधिकारी जागा झाला. ते बाजूला उभे राहून बोटानं दाखवू लागले. “बरं. मग पहिल्यापासून घेऊ. हा क्लच. हा गिअर, चार पुढचे, एक मागचा. हा अॅक्सिलरेटर, हातानं ओढायचा. ही पेटी वरखाली करायची दांडी. यात वेगाचं प्रमाण असं असतं की...”

“ते समदं ऱ्हाऊ द्या,” माई म्हणाल्या. “आधी सांगा, ब्रेक कंचा?”